ॲडमिट कार्ड आणि दुधी

१

शुक्रवारी दुपारी दीडच्या सुमारास ‘लुइत कॉम्प्युटर’च्या पडद्यावर पुन्हा तीच लाल ओळ उगवली. ‘नोंदणी क्रमांक किंवा जन्मतारीख जुळत नाही. आपले दोन प्रयत्न शिल्लक आहेत.’

“मेलं हे यंत्र!” तरुलता हाजरिकानं कपाळावर हात मारून घेतला. “तीन दिवस झाले, तीन! पहिल्या दिवशी साइट बंद. काल तीनदा तारीख चुकली म्हणून चोवीस तास कुलूप. आज कुलूप उघडलं तर पुन्हा तेच. माझी जन्मतारीख मला ठाऊक नाही का रे, दिगंत?”

“तरुबा, मी काय करू?” दुकानाचा मालक दिगंत प्रिंटरमधला अडकलेला कागद ओढत म्हणाला. तरुबा म्हणजे तरुताई. “हेल्पलाइन लावलीय बघ तुझ्यासमोर. पाऊण तास नुसतं गाणं वाजतंय.”

कोपऱ्यातल्या खुर्चीवर हेमप्रभा खाउंद बसल्या होत्या. छत्तीस वर्षं टपाल कचेरीत काढून त्या गेल्याच वर्षी निवृत्त झाल्या होत्या आणि आज पेन्शनच्या कागदासाठी अकरा वाजल्यापासून त्याच प्रिंटरची वाट बघत होत्या. सगळं गाव त्यांना बाइदेउ म्हणे, म्हणजे थोरली बहीण. पण त्यांच्या जिभेला गावातले थोरलेही भीत. ते हेल्पलाइनचं गाणं ऐकून ऐकून त्यांचं डोकं उठलं होतं.

“ए मुली, आधी तो फोन बंद कर,” त्या म्हणाल्या. “आणि नीट सांग. परीक्षा कसली?”

“ग्रामपंचायत सचिवाची, बाइदेउ. परवा रविवारी आहे. ॲडमिट कार्ड आज पाचपर्यंतच निघतं, मग साइट बंद. नऊ वर्षं पंचायतीत कंत्राटावर राबतेय. सचिवाचं सगळं काम मीच करते, सही तेवढी त्यांची. ही भरती आठ वर्षांनी निघालीय. येत्या मार्चला मला चाळीस पूर्ण होतील, मग अर्जसुद्धा घेणार नाहीत. आणि हे म्हणतंय, माझी तारीख चुकीची!”

“तारीख कोणती टाकतेस?”

“एक मार्च पंच्याऐंशी. मॅट्रिकच्या कार्डावर आहे, आधारवर आहे, सगळीकडे आहे. अर्जातही हीच भरली होती.”

हेमप्रभांनी हात पुढे केला. “अर्जाची पावती आण इकडे.”

पावती घडी घालून जुन्या हजेरीपटाच्या पुठ्ठ्यात जपून ठेवलेली होती. नोंदणी क्रमांक बरोबर होता. जन्मतारखेच्या जागी मात्र नुसते तारे छापले होते, कुणी चोरू नये म्हणून. त्या ताऱ्यांशेजारी लाल पेन्सिलीची एक बारीकशी बरोबरची खूण होती.

“ही खूण कुणी केली?” त्यांनी विचारलं.

“दिगंतनं केली असेल.”

दिगंतनं मान वर केली. “मी? बाइदेउ, माझ्या दुकानात लाल पेन्सिल कधी बघितलीत?”

२

छत्तीस वर्षं लोकांचे फॉर्म तपासलेल्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. फॉर्म आपणहून बदलत नाही; बदलतो तो माणूस.

“अर्ज भरल्यावर दुरुस्तीची मुदत होती का?” त्यांनी विचारलं.

“होती,” दिगंत म्हणाला. “एप्रिलमध्ये, चार-पाच दिवस. पण तरुबानं काही दुरुस्त केलं नाही.”

“तिनं नसेल केलं. फोन दे गं.”

“बाइदेउ, मला असा काही मेसेज आलेला नाही. मी बघितलं असतं ना!”

“एप्रिलमधला कसा बघशील? बिहूच्या दिवसांत माझ्या फोनवरच दीडशे शुभेच्छा येतात. ज्यांचं तोंड वर्षभर दिसत नाही तेसुद्धा ढोल वाजवणारी चित्रं पाठवतात.”

तरुलताचं बोट फोनवर खाली खाली सरकत गेलं. शुभेच्छा, रिचार्जची जाहिरात, पुन्हा शुभेच्छा, साड्यांवर सूट. आणि मग ते बोट थांबलं. चौदा एप्रिल, सकाळी नऊ बत्तीस: ओटीपी, कुणालाही सांगू नका. त्याच दिवशी नऊ चाळीस: ‘आपल्या अर्जातील जन्मतारीख यशस्वीरीत्या दुरुस्त करण्यात आली आहे.’

तरुलतानं फोन हेमप्रभांपुढे धरला.

“चौदा एप्रिल म्हणजे गोरू बिहू,” तरुलता हळूच म्हणाली. “त्या सकाळी मी नदीवर गुरं धूत होते, बाइदेउ. भिजेल म्हणून फोन घरी ठेवला होता.”

“मग घरात होतं कोण?”

“देउता आणि नबौ.” म्हणजे तिचे वडील आणि भावजय. “दादा माझ्याबरोबर नदीवरच होता, आता तो दिब्रुगडला नोकरीवर आहे. पण बाइदेउ, घरातलं माणूस असं का करेल?”

“ते मी कधी म्हटलं?” हेमप्रभा चष्म्यावरून दिगंतकडे बघत होत्या. “अर्ज उघडायला पासवर्ड लागतो. तो ठेवला होता कुणी?”

दिगंतचे कान लाल झाले.

३

“मीच ठेवला,” तो म्हणाला. “सगळ्यांचा ठेवतो. दुकानाचं नाव आणि एक-दोन-तीन. लोक विसरतात हो, बाइदेउ! मग माझ्याच नावानं खडे फोडतात. म्हणून पावतीच्या मागे लिहूनही देतो.”

“म्हणजे गावातल्या सगळ्या कुलपांना एकच किल्ली, आणि तीही दारालाच टांगलेली! शाबास.” हेमप्रभांनी पावती उलटली. मागे पासवर्ड होताच. “तुझा मेहुणा या परीक्षेला बसलाय ना रे? याच भरतीत?”

“बसलाय. पण मी असलं करीन?” दिगंतचा आवाज चढला. “चौदा एप्रिलला दुकान बंद होतं. सकाळी आठपासून मी नदीवर ढोल बडवत होतो. विचारा हिला, हिच्याच गाईच्या शेजारी उभा होतो.”

“होता तो,” तरुलता म्हणाली. “आणि इतका बेताल वाजवत होता की गाय बुजली.”

“ढोल बडवता बडवता फोन करता येतो,” हेमप्रभा म्हणाल्या. “नबौला फोन करून म्हणायचं, तरुबाच्या फोनवर आकडा आलाय तेवढा सांग.”

“बाइदेउ, सरांनी मला अक्षर शिकवलंय!” दिगंतच्या डोळ्यांत पाणी आलं. “तरुबाचे वडील माझे हेडमास्तर. त्यांच्या लेकीच्या अन्नात मी माती कालवीन? मी हिच्या मागे बसायचो शाळेत. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची तारीख एक मार्चच आहे. कुणाच्या घरी तारखा ठाऊक होत्या? सर विचारायचे आणि अंदाजानं लिहून टाकायचे.”

हेमप्रभांनी पावतीचा क्रमांक हाताच्या तळव्यावर लिहून घेतला आणि छत्री उचलली.

“मुली, तुझी खरी तारीख कोणती मग?”

“खरी?” तरुलतानं खांदे उडवले. “आमच्याकडे वाढदिवस कोण करतंय! बिहूला झाले, एवढंच ठाऊक आहे. आई मी पाच वर्षांची असताना गेली.”

“कुठल्या बिहूला? वर्षात बिहू तीन.”

“कुणास ठाऊक. देउतांना विचारलं असतं, पण आता…” तिनं वर बघितलं. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

“चल तुझ्या घरी,” हेमप्रभा म्हणाल्या. “दिगंत, माझा पेन्शनचा कागद आणि प्रिंटर दोन्ही तयार ठेव. आणि हिच्या फोनवरून काही आलं तर लगेच छाप.”

४

घर लांब, नदीच्या बांधाच्या कडेला होतं; चालत पोचेपर्यंत साडेतीन वाजले. नदीनं दोनदा गिळलं होतं आणि दोनदा मागे सरकून बांधलं होतं. अंगणात मांडवावर दुधीचा वेल चढलेला, खाली तीन-चार दुधी लोंबत होते. आत खाटेवर टंकेश्वर हाजरिका सर उशीला टेकून बसले होते. मे महिन्यात त्यांना झटका आला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोळे तेवढे पूर्वीसारखेच कडक राहिले होते.

भावजय रेवतीनं पितळी बाट्यातून, म्हणजे बैठकीच्या तबकातून, पानसुपारी पुढे केली आणि बसायच्या आतच गाऱ्हाणं मांडलं.

“बरं झालं आलात, बाइदेउ. तुम्हीच समजवा यांना. बुधवारपासून नुसता छळ मांडलाय. त्या वेलाकडे बोट दाखवतात, मग हिच्याकडे दाखवतात. म्हटलं, दुधी खायचाय. तीन दिवस दुधीच शिजवतेय! ताट समोर ठेवलं की डाव्या हातानं लोटून देतात. काल तर भिंतीवर फेकलं. माणसानं करावं तरी काय?”

“बुधवारपासूनच का?” हेमप्रभांनी विचारलं.

“हिची त्या कार्डाची रडारड सुरू झाली तेव्हापासून. आधीच घरात एक आजारी, त्यात हिचं रोज रात्री फोनवर डोकं आपटणं.”

“आणि कार्ड मिळालं नाही तर तुझं बरंच होईल, नाही का?” हेमप्रभा सहज म्हणाल्या. “ही पास झाली तर नेमणूक कुठेही होईल. म्हाताऱ्याचं सगळं तुझ्या एकटीच्या गळ्यात.”

रेवतीनं बाटा खाडकन खाली ठेवला. “हो, पडेल! मला काय आनंद आहे? पण म्हणून मी हिचा अर्ज बिघडवीन? मला इंग्रजी चार अक्षरं वाचता येत नाहीत, बाइदेउ. बिहूच्या सकाळी मी स्वयंपाकघरात तांदळाचे गोड पिठे भाजत होते. फोन यांच्या खोलीत चार्जिंगला होता. मी त्याला हातही लावला नाही.”

“कुणाचा फोन आला होता?”

“कुणाचा नाही. घर कसं शांत होतं. हेच आपले चष्मा लावून काहीतरी बघत बसले होते. पूर्वी शाळेची सगळी माहिती हेच भरायचे ना त्या कॉम्प्युटरात, ती सवय.”

“पावती कुणाकडे असायची?”

“घरातले सगळे कागद यांच्या उशाशी. परवा हिनंच तिथून काढली.”

हेमप्रभा खाटेकडे वळल्या. उशाशी एक जुना पत्र्याचा डबा होता. झाकणावर, हाताशी लागेल अशी, एक पेन्सिल बांधलेली होती. पेन्सिल लाल होती.

५

“देउता, तुम्ही?” तरुलता खाटेपुढे मटकन बसली. “तुम्ही माझी तारीख बदलली?”

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. मग एकदाच मान हलवली.

“का पण? का! मी तुमचं काय बिघडवलं होतं? मला एका शब्दानं विचारावंसं वाटलं नाही?” ती ओरडलीच. “आणि बदलली तर बदलली, कोणती टाकलीत ते कसं सांगणार आता?”

सरांचा डावा हात सावकाश उठला. बोट दाराबाहेर, वेलाकडे. मग तिच्याकडे.

“पुन्हा दुधी!” रेवती कळवळली. “बघितलंत?”

हेमप्रभांनी त्यांच्या हातात लाल पेन्सिल देऊन बघितली. डाव्या हातानं कागदावर नुसत्या रेघोट्या उठल्या. सरांनी पेन्सिल फेकून दिली आणि भिंतीकडे तोंड केलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

“ओरडून झालं असेल तर डोकं चालवू,” हेमप्रभा म्हणाल्या. “हेडमास्तर माणूस लेकीचा अर्ज बिघडवायला नाही, चूक सुधारायला बसेल. एक मार्च ही चूक. पण चूक केवढी? रेवती, ही शाळेत कधी गेली?”

“ती गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक आहे,” रेवती म्हणाली. “एक्क्याण्णव साली शाळा बंद करायला साहेब येणार होते. पटावर वीस पोरं नसतील तर कुलूप. भरली एकोणीस. मग यांनी हिलाच खांद्यावर बसवून नेलं आणि विसावी म्हणून नाव घातलं. पुरती चारचीही नव्हती म्हणतात. लिहिलं सहा. साहेबासमोर ही बाकावर झोपून गेली होती!”

“म्हणजे दोन वर्षं,” हेमप्रभा म्हणाल्या. “शाळा वाचवायला बापानं लेकीची दोन वर्षं घेतली, आणि या बिहूला परत केली. साल पंच्याऐंशी नाही, सत्याऐंशी. टाक बघू, एक मार्च सत्याऐंशी.”

तरुलतानं फोनवर आकडे टाकले. बांधाकडच्या त्या घरात नेटवर्क म्हणजे देवाची कृपा. चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि लाल ओळ उगवली. ‘आपला एक प्रयत्न शिल्लक आहे.’

“झालं!” तरुलतानं फोन खाटेवर टाकला. “आता एकच उरला. नऊ वर्षं पाण्यात गेली.”

हेमप्रभांना स्वतःचाच राग आला. घाई नडली होती. साल परत करणारा माणूस खोटा एक मार्च कशाला ठेवेल? दिवसही खराच घालणार.

“बिहूला झाले म्हणालीस ना?”

“हो. आणि माघ बिहूच असणार.” तरुलता डोळे पुसत म्हणाली. “आजी सांगायची, जन्मल्यावर मला शेकोटीपाशी ठेवलं होतं. शेकोटी म्हणजे माघच. जानेवारी टाकते मी.”

“हात लावू नकोस!” हेमप्रभा कडाडल्या. “बाळंतिणीच्या खोलीत शेकोटी बारा महिने असते. मी जूनमध्ये जन्मले, मलाही ठेवलं होतं.” त्यांनी अंगणात बघितलं. वेल, मांडव, लोंबणारे दुधी. मग सरांकडे. म्हातारा श्वास रोखून त्यांच्याकडे बघत होता. “रेवती, माघ बिहूला आपण काय करतो?”

“मेजीची शेकोटी पेटवतो. मासे, पिठे.”

“कार्तिकातल्या बिहूला?”

“तुळशीपाशी दिवा. शेतात दिवा.”

“आणि दुधी कधी लागतो?”

रेवतीचं तोंड उघडंच राहिलं. “गोरू बिहूला! गुरांना धुताना दुधी-वांग्याचे तुकडे मारतो आणि म्हणतो, दुधी खा, वांगं खा, वर्षा-वर्षाला वाढत जा.”

खाटेवरून एक आवाज आला. शब्द नव्हता तो, पण सरांची मान जोरजोरात हलत होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

“तीन दिवस हा माणूस सांगतोय,” हेमप्रभा म्हणाल्या, “आणि तुम्ही त्याला भाजी वाढताय! ही गोरू बिहूला झाली. सगळे नदीवर असताना. म्हणूनच त्यांनी तारीखही गोरू बिहूलाच दुरुस्त केली, तिच्या वाढदिवशी.”

“पण बाइदेउ, गोरू बिहू कधी तेरालाही येतो,” तरुलता म्हणाली. तिनं बोट आकड्यावरच धरलं. “सत्याऐंशीला कधी होता? एकच प्रयत्न आहे.”

“ते मला विचार.” हेमप्रभांच्या आवाजात जुनी चीड आणि दुःख दोन्ही आलं. “टपालात लागून मला महिना झाला होता. सगळं गाव नदीवर, आणि साहेबानं मला तारेच्या खिडकीवर बसवलं. दिवसभरात एक तार आली. त्या तारेवर शिक्का मारताना मी रडत होते. शिक्क्याची तारीख सकाळी मीच फिरवली होती. चौदा. टाक.”

चार एकेचाळीस. चक्र फिरू लागलं. रेवतीनं पदर तोंडात धरला. चक्र फिरतच होतं. मग पडदा पांढरा झाला, आणि त्यावर तरुलताचा फोटो आला.

६

सव्वापाचला दिगंत मोटारसायकलवरून छापील कार्ड घेऊन आला. हेमप्रभांनी तीन प्रती सांगितल्या होत्या. एका कागदावर विसंबणारी माणसं त्यांनी टपालात खूप बघितली होती.

“पण तारीख?” दिगंत कार्ड न्याहाळत म्हणाला. “मॅट्रिकच्या कार्डावर वेगळी, यावर वेगळी. दारावरच अडवतील ना?”

“दारावर फोटो आणि क्रमांक बघतात. तारीख बघतात पास झाल्यावर, कागद तपासताना,” हेमप्रभा म्हणाल्या. “अडेल तिथंच अडेल. आधी पास तर होऊ दे.”

तरुलता बापाच्या पायाशी बसून होती. राग गेला नव्हता, पण उठवतही नव्हतं.

सरांनी डाव्या हातानं पत्र्याचा डबा पुढे ढकलला. वरचे कागद काढल्यावर तळाशी एक लिफाफा निघाला. पत्ता जिल्हा शाळा निरीक्षकांचा, अक्षर झटक्याच्या आधीचं, मोत्यासारखं. तिकीट लावलेलं होतं. बंद मात्र केलेला नव्हता. हेमप्रभांनी मोठ्यानं वाचलं.

‘मी, टंकेश्वर हाजरिका, माजी मुख्याध्यापक, कबूल करतो की सन १९९१ मध्ये पट वीस भरावा म्हणून मी माझी मुलगी तरुलता हिचे वय जाणूनबुजून दोन वर्षे वाढवून लिहिले. तिचा खरा जन्म १४ एप्रिल १९८७ चा. दोष सर्वस्वी माझा आहे, मुलीचा नाही. होईल ती शिक्षा मला मान्य आहे.’

खाली सही होती. तारीख, या वर्षीचा बिहू.

“चार महिने,” दिगंत पुटपुटला. “टाकलं का नाही सरांनी?”

तिकीट लावून पेटीत न टाकलेली पत्रं हेमप्रभांच्या ओळखीची होती. लिहिताना धीर असतो, पेटीपाशी पोचेपर्यंत तो सुटतो. सरांचं पेन्शन जाऊ शकलं असतं. मग झटका आला आणि पाय उचलायचंच राहिलं.

“सर,” त्या खाटेजवळ वाकल्या, “मी उद्या सकाळी रजिस्टर्ड करते हे. पण तुम्ही हो म्हणालात तरच. पेन्शन अडकेल. कदाचित बंदच होईल.”

रेवतीनं चटकन त्यांच्याकडे बघितलं. त्या पेन्शनवर औषधं चालत होती. तिनं ओठ दाबले, आणि मग तीच म्हणाली, “टाका, बाइदेउ. औषधाचं बघू आम्ही.”

सरांनी लिफाफा उचलला आणि हेमप्रभांच्या हातावर ठेवला.

“मला विचारलं असतंत एकदा,” तरुलता अखेर म्हणाली. रडत होती, चिडलेलीही होती. “नुसतं विचारलं असतंत, देउता. मी नको म्हणाले असते. शाळा तर वाचली होती ना!”

म्हाताऱ्यानं तिच्या हातातलं ॲडमिट कार्ड ओढून घेतलं. जन्मतारखेवर बोट फिरवलं. मग चादरीवर पडलेली लाल पेन्सिल डाव्या मुठीत धरली.

“अहो सर, खाडाखोड केलेलं कार्ड चालत नाही!” दिगंत ओरडून धावला.

“करू दे,” हेमप्रभा म्हणाल्या. “ती तिसरी प्रत आहे.”

सरांना खूण करायला बराच वेळ लागला. पेन्सिल दोनदा घसरली. तारखेशेजारी एक वेडीवाकडी बरोबरची खूण उमटली, तेव्हा तरुलतानं तो कागद घेतला आणि हजेरीपटाच्या पुठ्ठ्यात, पावतीखाली, नीट घडी घालून ठेवला.